खालची सही

मला राग लवकर येतो आणि शहाणपण उशिरा, असं माझ्या बायकोचं मत आहे. तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, तरी हे मत काही मला खोडता आलं नाही. चौऱ्याण्णव सालच्या वैशाखात तर मी ते स्वतःच सिद्ध करून दिलं. घोटाळा एकट्याने केला आणि तो निस्तरायला चार गावांची माणसं कामाला लावली. त्यांचे उपकार माझ्यावर आहेत, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

तेव्हा आम्ही शिंदखेड्याला राहत होतो. माझी बायको सुनंदा तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. आमच्या विहारातल्या महिला मंडळाने दोन वर्षं भिशी लावून पैसे साठवले होते आणि श्रीलंकेला जायचं ठरवलं होतं. बुद्धपौर्णिमेला अनुराधपूरच्या बोधिवृक्षाखाली बसून वंदना म्हणायची, एवढी एकच इच्छा. बाया सात. त्यांतली सर्वांत शिकलेली सुनंदा आणि सर्वांत म्हातारी माझी माय, कलाबाई. मायचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचण्यात गेलं. सही करायला ती साठाव्या वर्षी शिकली, तीही माझ्याच साक्षरतेच्या वर्गात. माझा सगळ्यात हळू चालणारा आणि एकही दिवस खाडा न करणारा विद्यार्थी म्हणजे माझी आई.

परदेशात पैसे न्यायचे कसे, हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. सुनंदा आणि मी धुळ्याच्या बँकेत गेलो. तिथे भिकनभाऊ नावाचे क्लार्क होते, नरडाण्याहून रोज ये-जा करणारे. ते म्हणाले, "नोटा नेऊ नका ताई, ट्रॅव्हलर्स चेक न्या. हरवले तरी पैसे बुडत नाहीत." चेक जळगावच्या शाखेतून यायचे होते. परदेशी चलनाचं काम तिथेच चालायचं. बारा दिवसांनी चेक आले आणि मी सातही जणींना घेऊन पुन्हा धुळे गाठलं.

प्रत्येकीच्या वाट्याला वीस-वीस डॉलरचे पाच चेक. प्रत्येक चेकवर सहीच्या दोन जागा. वरची सही विकत घेताना, बँकेसमोर करायची. खालची सही तिकडे पैसे घेताना, तिथल्या साहेबासमोर. दोन्ही जुळल्या की पैसे हातात. भिकनभाऊंनी हे तीन वेळा सांगितलं आणि शेवटी बोट वर करून म्हणाले, "खालची जागा कोरी ठेवा. घरी चुकूनसुद्धा सही करू नका."

माय खिडकीशी उभी राहिली. ती पेन धरते ते विळा धरल्यासारखं, पाचही बोटांनी. एका सहीला तिला दोन-तीन मिनिटं लागत होती आणि सह्या होत्या पाच. मागची रांग चुळबुळ करू लागली. एक जण मोठ्याने म्हणाला, "अहो, म्हातारीचा अंगठा घ्या आणि मोकळं करा आम्हाला!" मी त्याच्या अंगावर गेलो. बँक तुझ्या बापाची आहे का, इथपर्यंत मजल गेली. भिकनभाऊंनी मध्ये पडून मला बाकावर बसवलं आणि मायला म्हणाले, "आजी, होऊ द्या निवांत. चेक कुठे पळून जात नाहीत."

भांडलो खरा, पण खरं सांगायचं तर त्या घटकेला मला मायची लाज वाटली. परतीच्या एसटीत मी तिच्याकडे बघितलं नाही. डोक्यात एकच चक्र फिरत होतं. धुळ्यात ही गत, तर तिथे परक्या देशात, काचेपलीकडच्या साहेबासमोर तिचा हात थरथरणारच. सही जुळायची नाही, पैसे मिळायचे नाहीत आणि चारचौघींत शोभा होईल. बाकीच्या पाच जणीही माझ्याच वर्गात सही शिकलेल्या. त्यांचंही तसंच.

मग माझ्या सुपीक डोक्यातून युक्ती निघाली. रविवारी सुनंदा ड्यूटीवर होती. मी सहाही जणींना ओट्यावर बोलावलं, चहा पाजला, मांडीवर एकेक पाट दिला आणि निवांतपणे त्यांच्याकडून चेकवर खालच्या सह्या करवून घेतल्या. उत्तरपत्रिका तपासावी तसं वरची-खालची सही जुळवून बघत होतो. मायच्या पाचही सह्या अशा झकास आल्या की मी तिला शाबासकी दिली. वर सगळ्यांना बजावलं, "सुनंदाला सांगू नका, ती उगाच घाबरवेल." सुनंदाचे स्वतःचे चेक तिच्या पर्समध्ये होते, म्हणून तेवढेच वाचले.

फोनचीही अशीच चोख व्यवस्था मी लावली होती. आमच्या घरी फोन नव्हता. गल्लीच्या तोंडाशी लीलाधरशेठचं कापडदुकान होतं, त्यांचाच फोन अर्ध्या गल्लीचा. परदेशातून बोलायचं म्हणजे मिनिटाला किती पडतील या धास्तीने मी नियम ठरवून दिला. सुनंदाने दोन रिंग द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. दोन रिंग म्हणजे सगळं ठीक. इकडे कुणीही उचलायचा नाही. उचलला की मीटर सुरू. लीलाधरशेठ, त्यांची आई द्रौपदाबाई, दुकानातला शिंपी, सगळ्यांना मी हे पाठ करून घेतलं होतं.

पहिल्या दिवशी बरोबर दोन रिंग आल्या. म्हणजे सुखरूप पोहोचल्या. मी दुकानात पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी दुकानातच बसलो होतो. उन्हाळ्याची सुट्टी होती, मला दुसरं कामही नव्हतं. फोन वाजला, बाहेरगावच्या फोनसारखा लांब. लीलाधरशेठने सवयीने हात पुढे केला. मी तो हात धरला.

"उचलायचा नाही शेठ. दोन रिंगा होऊ द्या."

दोन झाल्या. तीन झाल्या. सात झाल्या.

"मोजायला चुकली वाटतं," मी म्हणालो.

फोन थांबला आणि लगेच परत वाजायला लागला. या वेळी दहा-बारा रिंगा. लीलाधरशेठ माझ्याकडे बघत होते आणि मी रिसीव्हरवर हात दाबून बसलो होतो. नियम म्हणजे नियम. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा कोपऱ्यात गोधडीसाठी चिंध्या निवडत बसलेल्या द्रौपदाबाई उठल्या आणि अहिराणीत कडाडल्या.

"कवाना वाजी ऱ्हायना तो! ती पोर तठे काय हौस म्हनीसन वाजाडी ऱ्हायनी का? सरक रे मास्तर!"

त्यांनी माझा हात बाजूला लोटला आणि फोन उचलला.

"हां माय, बोल. बठ्ठ्या बऱ्या शेतस ना?" सगळ्या बऱ्या आहेत ना, हे विचारून थोडं ऐकलं, माझ्याकडे बघितलं आणि रिसीव्हर माझ्या हातात कोंबला. "ले. तुलेच बलाई ऱ्हायनी. संकटमां शे ती."

सुनंदा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे विचारलं, "घरी सह्या तुम्ही करून घेतल्या?"

मी हो म्हणालो.

कोलंबोच्या बँकेने चेक नाकारले होते. खालची सही आमच्यासमोर झालेली नाही, मग ही माणसं तीच, हे आम्ही कशावरून मानायचं, असं साहेबांचं म्हणणं. चेक चोरीचेही असू शकतात. साहेब वाईट नव्हते. त्यांनी एक वाट काढून दिली होती. ज्या बँकेने चेक विकले त्या बँकेने सहाही जणींची नावं आणि चेकचे नंबर फॅक्सने कळवायचे. मग ते सगळ्यांच्या सह्या चेकच्या मागे, स्वतःसमोर, नव्याने घेतील. पण हे उद्या दुपारपर्यंत व्हायला हवं. परवा पौर्णिमा, आणि तिकडे पौर्णिमेला बँका बंद. अनुराधपूरच्या बसवाल्याला पैसे आधी द्यायचे होते. सुनंदाच्या एकटीच्या चेकात सात जणींची बस होत नव्हती.

"माय कुठे आहे?" मी विचारलं.

"बँकेच्या बाकावर बसल्यात. सकाळपासून पाणी घेतलं नाही. म्हणतात, माझी सही वाकडी, माझ्यापायी सगळ्यांची पौर्णिमा गेली."

तिने फॅक्सचा नंबर आणि साहेबांचं नाव सांगितलं. मी ते पावतीपुस्तकाच्या मागे उतरवून घेतलं. फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. मायची सही वाकडी नव्हती हो! एकदम झकास होती. वाकडं डोकं होतं ते माझं.

गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना लीलाधरशेठने थान गुंडाळलं, आईला गल्ल्यावर बसवलं आणि राजदूत मोटरसायकल काढली. धुळे पन्नास किलोमीटर. बँकेचा व्यवहार दोनला बंद. वैशाखातलं खानदेशातलं ऊन, डोक्याला उपरणी गुंडाळून आम्ही निघालो. सोनगीरच्या अलीकडे चाक पंक्चर झालं. शेठने ते गॅरेजवाल्याच्या हातात दिलं, मला एका दुधाच्या टेम्पोत बसवलं आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, माझं काही अडत नाही." मी बँकेत पोहोचलो तेव्हा दोनला वीस मिनिटं होती.

भिकनभाऊंच्या खिडकीसमोर रांग. मी रांग सोडून थेट पुढे गेलो आणि एका दमात सगळं सांगितलं. मागून कुणीतरी "अहो, रांगेत या" म्हणालं, आणि या वेळी मी मागे वळून हात जोडले.

"सह्या कुणी करून घेतल्या?" भिकनभाऊंनी विचारलं.

"मी."

"तुम्ही मास्तर ना?"

एवढंच बोलले. त्यांनी रजिस्टर काढलं, जळगावच्या शाखेला फोन लावला आणि खिडकीवरच उभं राहून तीस चेकचे नंबर सांगायला सुरुवात केली. लाइन इतकी खराब की एकेक आकडा ओरडून सांगावा लागत होता. दोनदा फोन कट झाला, दोनदा परत लावला. सगळी बँक ऐकत होती. पंखे बंद, घामाच्या धारा, रांग आहे तिथेच उभी. कॅशियरने दोन वाजता दार ओढून घेतलं, पण आतल्या माणसांना बाहेर काढलं नाही. मघाशी मला रांगेत या म्हणणारा माणूस रजिस्टरवर बोट ठेवून भिकनभाऊंना ओळ दाखवू लागला.

"आजीच्या नावाचा शेवटचा नंबर," भिकनभाऊ फोनमध्ये ओरडले, "कलाबाई! हो, कलाबाई!"

जळगावला फोनवर प्रमिलाबाई म्हणून अधिकारी होत्या. नंबर सगळे उतरवून झाले. मग त्या म्हणाल्या, पत्रावर मॅनेजरसाहेबांची सही लागेल आणि साहेब आज अर्ध्या दिवसाच्या रजेवर घरी गेलेत, इथे मेहरूण भागात. उद्या सकाळी पाठवते.

"मॅडम," भिकनभाऊ म्हणाले, "सहा बाया तिकडे बाकावर बसल्यात. त्यांतली एक म्हातारी पाणी पीत नाहीये."

मग प्रमिलाबाई म्हणाल्या, "तुम्ही फोन ठेवा. मी रिक्षाने जाऊन सही घेऊन येते."

आम्ही बसून राहिलो. लीलाधरशेठ येऊन पोहोचले, घामाने निथळत. भिकनभाऊंची नरडाण्याला जायची गाडी निघून गेली, तरी ते टेबलावरून हलले नाहीत. पाच वाजून गेल्यावर प्रमिलाबाईंचा फोन आला. चार-पाच वेळा कोलंबोची फॅक्सची लाइन लागली नव्हती, पण कागद गेला होता. तिकडून पोच पण आली होती. मी भिकनभाऊंचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी दंडाला धरून उभं केलं. "असं काही करू नका मास्तर. मला उसाचा रस पाजा," म्हणाले. आम्ही तिघांनी आग्रा रोडवर उभं राहून रस प्यायला. इतका गोड रस मी त्याआधी प्यायलो नव्हतो आणि त्यानंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी दुकानात. साडेबाराला फोन वाजला. आदल्या दिवशीचा धडा आम्हाला इतका मुरला होता की पहिली रिंग पुरी व्हायच्या आत लीलाधरशेठ, मी आणि द्रौपदाबाई, तिघांनी एकदमच हात टाकला.

"अहो, उचलला कशाला?" सुनंदा म्हणाली. "सगळं ठीक झालं म्हणून दोन रिंगाच देत होते! पैसे मिळाले, बस ठरली, संध्याकाळी निघतो. ठेवा आता!"

द्रौपदाबाई पदराने डोळे पुसत होत्या. मी मात्र दुकानाबाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण गल्लीत माझा दरारा होता आणि मास्तर रडलेला कुणी बघितलेला नव्हता.

नवव्या दिवशी बाया परत आल्या. माय काळवंडली होती, पण तोंडावर असं काही तेज होतं की मला तिच्याकडे नीट बघवेना. तिने बोधिवृक्षाची वंदना सांगितली, पांढरे कपडे घातलेली लाखभर माणसं सांगितली, नारळाच्या दुधातला भात सांगितला. बँकेचं नाव ती काढीना. शेवटी मीच विचारलं.

"माय, तिथे सही कशी झाली?"

"कशी व्हई?" ती हसली. "हात मना थरथर कापे. सही पार खाले उतरी गई. पहिला चेक सायबानी उलटापालटा करी दखा. मी म्हनं, गयं आते बठ्ठं."

पुढचं सुनंदाने सांगितलं. मायची मागची सही आणि पुढची सही यांचा काही मेळ नव्हता. शेजारच्या कारकुनाने मान हलवली. साहेब उठले, काचेच्या बाहेर आले आणि स्वतःची खुर्ची ओढून मायला दिली. तोपर्यंत ती वाकून उभीच होती. तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. तिकडे आईला अम्मा म्हणतात. म्हणाले, अम्मा, सावकाश. उरलेल्या चारही चेकांवर तिची सही होईपर्यंत ते तिच्या शेजारी उभे राहिले. एकही सही जुळली नाही. कारकुनाने तसं दाखवलं तेव्हा साहेबांनी त्याला इंग्रजीत जे सांगितलं, ते सुनंदाला कळलं. "ही सही दुसऱ्यांदा कशाला घेतात? माणूस तोच आहे हे आपल्याला दिसावं म्हणून. कागद बँकेचा आला आहे, पासपोर्ट समोर आहे, आणि या बाईंना सही करताना मी स्वतः बघितलं आहे. पैसे द्या."

मी खाली मान घालून ऐकत होतो. मग म्हणालो, "माय, त्या सह्या मी घरी घ्यायला नको होत्या. चूक माझी होती, तुझी नव्हती."

"माले ठाऊक शे," माय म्हणाली. "तुले मना हातनी लाज वाटनी. धुयाले बँकमांच वाटनी, मी दखं ना." तिच्या आवाजात राग औषधालाही नव्हता. "जाऊ दे रे भाऊ. हाऊ हात कोनी शिकाडा? तूच ना? तू नही शिकाडता त मी तठे अंगठा देती. त्या सायबानी खुर्ची दिनी, ती अंगठाले नही दिनी."

मला वाटलं होतं, ती मला रागावेल किंवा माफ तरी करेल. ती तर माझे आभार मानत होती.

त्या आठवड्यात मी जळगावला जाऊन प्रमिलाबाईंना भेटलो. माझं नाव सांगताच त्यांनी पहिला प्रश्न केला, "पोहोचल्या का हो पौर्णिमेला?" पोहोचल्या म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि चहा मागवला. भिकनभाऊंना मायने स्वतःच्या हाताने बोरांची भुकटी आणि पापड नेऊन दिले. द्रौपदाबाईंना लंकेहून आणलेली दालचिनी. लीलाधरशेठच्या पंक्चरचे पैसे त्यांनी अजूनही घेतलेले नाहीत.

कोलंबोच्या साहेबांना पत्र लिहायचं राहिलं होतं. मी मराठीत सांगत गेलो, सुनंदाने इंग्रजीत लिहिलं. साहेब, तुम्ही माझ्या आईला बसायला खुर्ची दिलीत, असं पहिलंच वाक्य होतं. पत्र पुरं झाल्यावर मी सही करायला पेन उघडलं आणि थांबलो. ते मायच्या हातात दिलं.

ती ओट्यावर बसली. मी पाट आणला नाही, हात धरला नाही, असं कर तसं कर म्हटलं नाही. गल्लीतून माणसं जात होती, दोन-तीन जण थांबूनही बघत होते. मायने पाचही बोटांनी पेन धरलं. हात थरथरत होता. सही कागदाच्या रेघेवरून उतरत उतरत पार खाली गेली. तेवढा वेळ मी तिच्या शेजारी उभा राहिलो, आणि सगळी सही माझ्या डोळ्यांनी बघितली.